गाडी पोलिसांच्या ताब्यात आहे आणि सुटत नाही: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

तालुक्याच्या कोर्टात मी एका वकिलांकडे कारकुनी करतो. गाडी पोलिसांनी नेली, आता सोडवायची कशी, हा प्रश्न घेऊन माणसं सतत येत असतात. येईपर्यंत चार-पाच फेऱ्या झालेल्या असतात आणि बहुतेक फेऱ्या चुकीच्या दारात. कागद कुणाकडे आहे तेच कळलेलं नसतं.

हे लिहायला बसलो त्याचं कारण मात्र घरचं आहे. माझ्या मामांचा छोटा हत्ती (टेम्पो) एका अपघाताच्या केसमध्ये पोलीस ठाण्याच्या आवारात तेरा महिने उभा होता. "केस संपली की मिळेल," असं तिथे कुणीतरी सांगितलं आणि मामांनी ते खरं मानलं. भाजीचा धंदा बंद पडला, फायनान्सचा हप्ता चालूच राहिला. शेवटी वकील गाठून अर्ज केला, तेव्हा अर्जापासून गाडी हातात यायला अठरा दिवस लागले. गाडी आणायला मी मामांबरोबर गेलो होतो. पुढच्या काचेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं गुन्हा रजिस्टर नंबर लिहिलेला, बॅटरी गायब, मागची दोन्ही चाकं बसलेली, आणि हौद्यात साचलेल्या मातीत पिंपळाचं वीतभर रोप. मामांनी ते रोप मुळासकट काढून कुंपणाच्या कडेला लावलं आणि मग टोचनवाल्याला फोन केला. मी तेव्हा या कामात नव्हतो. असतो तर पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकला असता.

पहिला प्रश्न: गाडी कशासाठी नेली?

सगळं यावर अवलंबून आहे. लोक सरसकट "गाडी जप्त केली" म्हणतात, पण ताबा तीन वेगवेगळ्या वाटांनी जातो आणि सुटकेच्या वाटाही तीन आहेत.

एक, नो पार्किंगमधून किंवा बेवारस म्हणून टोइंग करून नेलेली. ही वाहतूक शाखेकडे असते आणि दंड व टोइंगचा खर्च भरला की तिथूनच सुटते. कोर्टाचा संबंध येत नाही.

दोन, कागद नाहीत म्हणून अडकवून ठेवलेली. लायसन्स नाही, नोंदणी नाही, परमिट नाही. हे मोटार वाहन कायद्याचं कलम २०७. इथे कागद दाखवून सुटका होते, बऱ्याचदा आरटीओमधून.

तीन, एखाद्या गुन्ह्यात मुद्देमाल, म्हणजे पुराव्याची वस्तू, म्हणून जप्त झालेली. अपघात, चोरी, मारामारी, दारूची वाहतूक, काहीही. हिचा जप्ती पंचनामा झालेला असतो आणि ती साधारणपणे कोर्टाच्या आदेशानं सुटते. माणसं महिनोन्‌महिने अडकतात ती इथेच.

तुमची कोणती, हे तोंडी विचारून सोडू नका, कागद मागा. चलान असेल तर पहिली किंवा दुसरी. गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे "गु.र.नं. अमुक, ऑब्लिक वर्ष", असेल तर तिसरी. स्टेशन डायरीला नुसती नोंद आहे आणि गुन्हा दाखल नाही असं सांगितलं, तर त्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या.

गाडी लावली तिथे नाही

घाबरून लगेच चोरीची तक्रार द्यायला धावू नका. आधी शेजारच्या दुकानदाराला, रिक्षा स्टँडवर विचारा. टोइंगची गाडी आली असेल तर कुणीतरी पाहिलेलं असतंच. काही ठिकाणी टोइंगवाले गाडीचा नंबर खडूनं जागेवर लिहून जातात, म्हणून खाली रस्त्यावरही बघा. मग मोबाइलवर महाट्रॅफिकच्या ई-चलान पानावर गाडीचा नंबर टाका. उचलताना चलान केलं असेल तर ते तिथे दिसतं, फोटोसकट. मेसेज आला नाही म्हणजे टो झाली नाही, असं समजू नका. गाडीच्या नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर मेसेज त्या जुन्या नंबरवर जातो. माझ्या ओळखीच्या एका ताईंची स्कूटर दोन दिवस वाहतूक चौकीच्या मागे उभी होती आणि चलानचा मेसेज शोरूमच्या सेल्समनच्या नंबरवर जाऊन पडला होता. गाडी घेताना त्यानं फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकलेला. हा नंबर परिवहन सेवेच्या पोर्टलवर बदलता येतो. आजच बदला.

इथे काहीच सापडलं नाही तर ११२ वर फोन करून गाडीचा नंबर सांगा. तिथूनही पत्ता लागला नाही, तर मात्र त्याच दिवशी चोरीची फिर्याद द्या. विमा कंपनी उशिराचा मुद्दा काढते.

उचलण्याचा अधिकार कुठून येतो, तेही माहीत असावं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ म्हणतं की सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवायला किंवा जॅमर लावायला त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. म्हणजे टोइंगच्या गाडीवरची ठेकेदाराची पोरं स्वतःच्या मनानं गाडी उचलू शकत नाहीत, सोबत गणवेशातला पोलीस लागतो. त्याच कलमात टोइंगचा खर्च मालकानं द्यायचा असंही आहे, आणि तो दंडाशिवाय वेगळा. त्यामुळे "दंड भरला, आता टोइंगचे पैसे कशाला?" हा वाद घालून वेळ जातो, हाती काही लागत नाही.

यार्डात पोहोचलात, तरी सोडत नाहीत

"लायसन्स घरी आहे." डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी सुधारणा झालेली आहे. गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ मात्र चालत नाही, त्या ॲपमधूनच उघडून दाखवावं लागतं.

"गाडी वडिलांच्या नावावर आहे." टोइंगच्या बाबतीत हे फार अडत नाही. आरसी, चालवणाऱ्याचं लायसन्स आणि वडिलांशी फोनवर बोलणं एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम होतं. वडिलांच्या सहीची चिठ्ठी आणि त्यांच्या आधारची झेरॉक्स जवळ असली की प्रश्नच नको.

"दंड किती?" नो पार्किंगसाठी सहसा कलम १७७ लागतं, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत. टोइंगचा दर शहरानुसार आणि गाडीनुसार वेगळा असतो, तो यार्डात फलकावर असायला हवा. फलक नसेल तर विचारा, आणि दोन्ही रकमांची पावती घ्या. पावती मिळत नसलेली रक्कम देऊ नका.

"गाडीला ओरखडा पडलाय, बंपर सुटलाय." यार्डाच्या फाटकातून बाहेर पडायच्या आधी फोटो काढा, असे की मागे यार्ड दिसलं पाहिजे. चलानमध्ये उचलतानाचा फोटो असतो, तो आणि तुमचा फोटो शेजारी ठेवले की नुकसान कधी झालं ते दिसतं. अर्ज वाहतूक शाखेच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, दोन प्रती, एका प्रतीवर पोच. बाहेर पडून घरी गेल्यावर केलेली तक्रार कुणी उभी करून घेत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गाडीत माणूस असताना गाडी उचलू देऊ नका, भांडण न करता खाली उतरून समोर उभे राहा आणि मोबाइल चालू करा. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला बाळाला दूध पाजत असलेली आई आत असताना गाडी टो केली गेली, त्याचा व्हिडिओ देशभर पसरला आणि त्या हवालदाराला निलंबित व्हावं लागलं. दंड जागेवर भरायची तयारी दाखवा. माणूस हजर आहे, गाडी हलवायला तयार आहे, मग ओढून नेण्याचं कारणच उरत नाही.

कागद नाहीत म्हणून अडकवलेली

हे लवकर सुटतं, फक्त योग्य टेबलावर जायला हवं. कलम २०७ खाली पकडलेली गाडी सोडवण्यासाठी मालकानं कागद घेऊन परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याकडे किंवा राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. आरटीओच्या वायुवेग पथकानं, म्हणजे फिरत्या तपासणी पथकानं, पकडलेली टेम्पो-ट्रकसारखी वाहनं बऱ्याचदा एसटीच्या आगारात उभी करतात. म्हणजे गाडी एसटीकडे, कागद आरटीओकडे. माणूस डेपो मॅनेजरकडे खेटे घालत बसतो आणि त्या बिचाऱ्याच्या हातात सुटकेचं पत्र आल्याशिवाय काही नसतं. आधी आरटीओत तडजोड शुल्क (कोर्टात न जाता भरायचा दंड) भरा, सुटकेचं पत्र घ्या, मग आगारात जा आणि तिथला जागाभाड्याचा हिशोब मिटवा.

फिटनेस संपलेलं असेल तर गोल गोल फिरावं लागतं: फिटनेससाठी गाडी न्यायची, पण गाडी तर अडकलेली. अशा वेळी तपासणीपुरती, थेट तिथेच नेण्याच्या अटीवर सोडण्याचा अर्ज द्या. कलम २०७ मध्ये अधिकाऱ्याला अटी घालून सोडण्याची मुभा आहे.

अठरा वर्षांखालचा मुलगा चालवत होता, तर प्रकरण जड आहे. कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. हे यार्डात मिटणारं काम नाही, वकील लागतोच.

गुन्ह्यातला मुद्देमाल

आता मुख्य गोष्ट. "केस संपल्यावर मिळेल", "चार्जशीट गेल्यावर बघू", "साहेब रजेवर आहेत, आल्यावर या". या तीन वाक्यांवर लोकांची गाडी वर्षभर कुजते. पहिली दोन वाक्यं कायद्याला धरून नाहीत.

ऑक्टोबर २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात स्पष्ट सांगितलं की जप्त वाहनं पोलीस ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काहीच साधत नाही. मॅजिस्ट्रेटनं योग्य बंधपत्र, हमी आणि गरज असल्यास तारण घेऊन ती लगेच परत देण्याचे आदेश करावेत. पुराव्यासाठी गाडीचा तपशीलवार पंचनामा आणि फोटो पुरेत. आमच्या कोर्टात गाडीच्या अर्जात हा निकाल नसेल असं क्वचितच होतं.

१ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या अर्जांचे नमुने अजून बाजारात फिरतात आणि त्यावर कलम ४५१ आणि ४५७ असतं. आता ती कलमं अनुक्रमे ४९७ आणि ५०३ झाली आहेत. नुसत्या चुकीच्या कलमामुळे अर्ज फेटाळला जाईल असं नाही, पण टेबलावरून "दुरुस्त करून आणा" म्हणून परत येतो आणि एक तारीख वाया जाते. नव्या कलम ४९७ मध्ये एक चांगली भर आहे: वस्तू कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत तिचं वर्णनपत्र तयार करायचं, फोटो आणि लागल्यास व्हिडिओ घ्यायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत ती वस्तू कुणाला द्यायची किंवा तिचं काय करायचं याचा आदेश करायचा. अर्जात हे कलम लिहा आणि या मुदतीचा उल्लेख करा.

कोर्टात जायच्या आधी एक दार ठोठावून बघा. याच संहितेचं कलम १०६ पोलिसांना मुभा देतं: वस्तू कोर्टात नेणं सोयीचं नसेल, ठेवायला नीट जागा नसेल किंवा तपासासाठी ताब्यात ठेवण्याची गरज उरलेली नसेल, तर ती बंधपत्रावर एखाद्याच्या ताब्यात देता येते. साध्या अपघातात, कुणाचा जीव गेलेला नसेल आणि विमा चालू असेल, तर तपासी अंमलदार ऐकून घेतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नकार आला तरी तो कोर्टात कामाला येतो.

अपघाताच्या गाडीला आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी लागते, ब्रेक, स्टिअरिंग, टायर वगैरे. पोलिसांनी आरटीओला पत्र पाठवायचं, निरीक्षक ठाण्यात येऊन गाडी बघणार. इथे फार दिवस जातात, कारण पत्र गेलंय का हे कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. जावक क्रमांक घ्या आणि स्वतः आरटीओत जाऊन तारीख कधीची आहे ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार तपासणीचे सोपस्कार झाले की चोवीस तासांत गाडी परत द्यायची आहे. गुन्हा दाखल असेल तर व्यवहारात कोर्टाचा आदेश मागतात, पण हे कलम अर्जात असलं की वजन पडतं.

अर्ज आणि "से"

अर्जाला आमच्याकडे "रिटर्न ऑफ मुद्देमाल"चा अर्ज म्हणतात. तो त्या ठाण्याच्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे द्यायचा. गाडी गोव्यात पकडली असेल तर तिथल्या कोर्टात, तुम्ही कोल्हापूरचे असलात तरी. कायदा देशभर एकच आहे.

सोबत लागतं: आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं आधार, चालकाचं लायसन्स, एफआयआरची प्रत, जप्ती पंचनाम्याची प्रत आणि प्रतिज्ञापत्र. ट्रक-टेम्पोला परमिट आणि फिटनेसही. एफआयआर मिळत नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरमध्ये शोधा, संवेदनशील गुन्हे सोडले तर बहुतेक तिथे असतात.

अर्ज दाखल झाला की कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा "से" मागवतं, म्हणजे त्यांचं म्हणणं. अर्ज अडतो तो इथे. से आला नाही की तारीख पडते, पुन्हा आला नाही की पुन्हा तारीख. यावर उपाय म्हणजे पाय मोकळे करणं: आदेश झाला की से मागवण्याचं पत्र तुमच्या वकिलाच्या कारकुनानं स्वतः ठाण्यात नेऊन द्यावं, पोच घ्यावी आणि तारखेच्या आदल्या दिवशी तपासी अंमलदाराला आठवण करावी. ठाण्यात एका अंमलदाराकडे कितीतरी तपास असतात. तुमचा कागद सगळ्यात खाली जाऊ नये, एवढंच बघायचं.

सेमध्ये "हरकत आहे, आरोपी पुन्हा गुन्हा करेल" असं ठरीव वाक्य येतं. घाबरू नका. तुम्ही मालक आहात, गाडी रोजीरोटीची आहे, उघड्यावर सडते आहे, हप्ता चालू आहे, हे प्रतिज्ञापत्रात ठोस लिहा. मामांच्या अर्जाला वकिलांनी फायनान्सचं खातेपत्रक आणि बाजार समितीच्या पावत्या जोडल्या होत्या. न्यायाधीशांनी पावत्या उलटून पाहिल्या आणि त्याच दिवशी आदेश केला.

आदेशात अटी असतात: अमुक रकमेचा सुपुर्दनामा (गाडी सांभाळण्याचं आणि बोलावल्यावर हजर करण्याचं बंधपत्र), जामीनदार, गाडी विकायची नाही, रंग किंवा इंजिन बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, फोटो द्यायचे. जामीनदाराला सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते. शहरात जामीनदार मिळत नसेल तर रोख अनामत भरण्याची परवानगी मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

वकिलाचे पैसे परवडत नसतील तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही.

आदेश हातात आहे, तरी गाडी देत नाहीत

हे सगळ्यात जीवाला लागतं, कारण माणूस जिंकून आलेला असतो.

नेहमीचं कारण म्हणजे नंबराची चूक. जप्ती पंचनाम्यात चेसिस नंबर घाईत लिहिलेला असतो, इंग्रजी बीच्या जागी आठ, ओच्या जागी शून्य, एसच्या जागी पाच. अर्जात तुम्ही आरसीवरचा बरोबर नंबर लिहिता, आदेश तसाच होतो आणि मुद्देमाल कारकून म्हणतो, "दादा, ही ती गाडी नाही." तो चुकत नाही, त्याच्या रजिस्टरला वेगळा नंबर आहे. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वीच पंचनामा आणि आरसी शेजारी ठेवून एक-एक अक्षर बोट ठेवून ताडून बघा. फरक असेल तर ठाण्यात जा, कोरा कागद चेसिस नंबरवर दाबून धरा आणि शिसपेन्सिल आडवी घासा. ठसा उमटतो. तो ठसा अर्जाला जोडा आणि पंचनाम्यात लेखनचूक आहे असं त्यातच लिहा. आदेश झाल्यावर लक्षात आलं तर दुरुस्तीचा अर्ज द्या, नव्यानं सगळं करावं लागत नाही.

दुसरं, गाडी त्या ठाण्यात नसतेच. जागा नाही म्हणून दुसऱ्या यार्डात हलवलेली असते आणि आदेश पहिल्या ठाण्याच्या नावे असतो. ठाण्याकडून त्या यार्डासाठी पत्र घ्या.

तिसरं, नुसती झेरॉक्स घेऊन गेलात. सहीशिक्क्याची प्रमाणित प्रत किंवा कोर्टाचं ठाण्याला गेलेलं पत्र लागतं.

हे सगळं नीट असूनही देत नसतील, तर वाद घालू नका. तारीख, वेळ, कोण भेटलं ते लिहून ठाणे प्रभारींना लेखी अर्ज द्या, आणि पोच घेऊन त्याच मॅजिस्ट्रेटपुढे आदेशाची अंमलबजावणी होत नाही असा अर्ज टाका. त्या अर्जावर ठाण्याकडून खुलासा मागवला की गाडी बहुधा त्याच आठवड्यात निघते.

गाडी तुमच्या नावावरच नाही

सेकंडहँड घेतली, पैसे दिले, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन खिशात ठेवल्या आणि आरटीओत गेलाच नाहीत. कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर. कोर्ट गाडी त्याला देईल. आता जुन्या मालकाला शोधा आणि त्याच्याकडून अर्ज करा, किंवा त्याचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आणि व्यवहाराचे कागद जोडून स्वतः अर्ज करा. एकाच राज्यातल्या व्यवहाराची माहिती जुन्या मालकानं चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते, ती दिली असती तर ही वेळ आली नसती.

मालक वारले असतील तर वारसांपैकी एकानं बाकीच्यांच्या संमतीपत्रासह अर्ज करायचा. मालक परदेशात असेल तर नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र, साधी चिठ्ठी कोर्टात चालत नाही. फायनान्सची गाडी असेल तर कंपनीचं ना हरकत पत्र आधीच घ्या, कारण हप्ते थकले असतील तर कंपनी स्वतःच ताब्याचा अर्ज टाकू शकते. चोरीला गेलेली गाडी सापडली, पण विम्याचे पैसे तुम्ही आधीच घेतलेले असतील, तर ती गाडी मागण्याचा हक्क विमा कंपनीकडे गेलेला असतो.

विमा नसताना अपघात झाला आणि कुणी जखमी किंवा मृत असेल, तर मात्र वाट अवघड आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की अशी गाडी मालकानं नुकसानभरपाईपुरतं तारण दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत तारण दिलं नाही तर लिलाव करून रक्कम मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे भरायची. मला हे पटतं. ज्याचा हात-पाय गेला त्याला कुठून तरी पैसे मिळायलाच हवेत.

दारू, वाळू, गुटखा, अमली पदार्थ यांच्या गाड्यांचे कायदे वेगळे आहेत. वाळूची गाडी महसूल खात्याकडे असते आणि दंड व बंधपत्राचा निर्णयही तिथेच होतो. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पकडलेल्या, गाड्या सुटतच नाहीत असा समज आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आसाममधल्या एका ट्रकच्या प्रकरणात सांगितलं की खटला चालू असतानाही अशी गाडी अटींवर मालकाला देण्यास त्या कायद्यात बंदी नाही. तरी या चारही प्रकारांत इंटरनेटवरचा नमुना भरून अर्ज करू नका.

आणि काहीच केलं नाही तर? मालक कोण ते कळत नसेल तर मॅजिस्ट्रेट जाहीरनामा काढतात, सहा महिन्यांत कुणी आलं नाही तर गाडी सरकारजमा होते आणि विकली जाते. पत्ता बदललेल्या लोकांच्या गाड्या अशाच जातात. आरसीवरचा पत्ता बदलून घ्या.

ताबा घेताना

गाडी मिळाल्याच्या आनंदात सही करून निघू नका. किलोमीटरचा आकडा, बॅटरी, स्टेपनी, टेप, जॅक, टायरची अवस्था जप्ती पंचनाम्याशी ताडून बघा. काही कमी असेल तर ताबा पावतीवरच "बॅटरी मिळाली नाही" असं स्वतःच्या हातानं लिहून सही करा. मामांनी तसं लिहिलं नव्हतं, म्हणून बॅटरीचा विषय तिथेच संपला. महिनाभराहून जास्त उभी असेल तर जागेवर स्टार्टर मारू नका. आधी ऑइल आणि बॅटरी बघा, बॉनेट उघडून उंदरांनी वायरिंग खाल्लंय का ते तपासा. टोचन करून गॅरेजला नेणं स्वस्त पडतं.

सुपुर्दनाम्याची, आदेशाची आणि ताबा पावतीची एकेक प्रत गाडीच्या कप्प्यात ठेवा. नाकाबंदीत पुन्हा कुणी अडवलं तर लागते.

एक काम बहुतेक सगळे विसरतात. सुपुर्दनाम्यावर मिळालेली गाडी तुमच्याकडे कोर्टाच्या वतीनं असते, खटला संपेपर्यंत ती विकता येत नाही. खटल्याच्या निकालात मुद्देमालाबद्दल शेवटी एक ओळ असते: वाहन अर्जदाराकडेच कायम ठेवावे, सुपुर्दनामा अपिलाच्या मुदतीनंतर रद्द समजावा. ती ओळ आहे का ते निकालाच्या दिवशीच वकिलांना विचारा आणि नसेल तर लगेच अर्ज द्या. मामांना छोटा हत्ती विकायचा होता तेव्हा गिऱ्हाईकानं हीच ओळ मागितली. मी नक्कल विभागात अर्ज टाकून निकालाची प्रमाणित प्रत काढली, सातव्या पानावर ती ओळ होती. तिची झेरॉक्स विक्रीच्या कागदांना जोडली आणि गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली.